बटू वाणात गेला

बायकोशी खोटं बोलणं आपल्याला जमत नाही, हे सेलूच्या गोविंदरावांना सोडून सगळ्या गल्लीला माहीत आहे. तरी त्या दिवशी ते बोललेच. एकच वाक्य बोलले, पण तेवढंच नडलं.

गोविंदराव कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कारकून. त्यांना नाद बुटक्या कॉनिफरचा. म्हणजे देवदार-पाइनच्या घराण्यातली, पण वर्षाला बोटभरही न वाढणारी झाडं. वाढत नाही हीच त्यांची ऐट. ही मंडळी थंड मुलखातली, आणि सेलूत मे महिन्यात दाराची कडीसुद्धा फडक्यानं धरावी लागते! बाजेएवढ्या अंगणात ती उन्हाळाभर ओल्या पोत्याच्या सावलीत जीव धरून बसायची. त्यात लाडका बटू. वीतभर उंच, गोल गरगरीत, निळसर. त्याचे चार उन्हाळे घरातल्या एकुलत्या एका कूलरसमोर गेले. (मालक स्वतः गच्चीवर डास मारत.)

जानेवारीत कुरियरवाल्यानं गोविंदरावांनी चोरून मागवलेल्या रोपांचं खोकं आणलं आणि नेमकं अनसूयाबाईंच्या हातात दिलं. दिवाळीतच त्यांनी बजावलं होतं, "आता एक जरी कुंडी आली ना, तर मी चालले राणीसावरगावला, माहेरी."

"काय हाय हो यात?"

गोविंदरावांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर गेली. तिथं संक्रांत दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "तुझ्या हळदीकुंकवाचं वाण!"

अनसूयाबाई खोक्यासकट खाली बसल्या. दरवर्षी त्या एकट्याच बाजारात जायच्या, घासाघीस करून प्लॅस्टिकचे डबे आणायच्या. नवऱ्यानं आजवर त्यात साधं मत दिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. "तुमच्या ध्यानात होतं?"

गोविंदरावांनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की यंदा अनसूयाबाईंच्या मालकांनी वाणाला विलायती झाडं मागवलीत. मग काय, ज्यांना बोलावलं नव्हतं त्याही यायच्या ठरल्या.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषमाणसाला घरात थारा नसतो. गोविंदराव आतल्या खोलीत शाल पांघरून पडले होते. शालीखाली बटू होता. पडद्याआडून कानावर येत होतं, "घ्या घ्या, यांनी खास मागवलंय!" खोक्यातली संपली, तशी अनसूयाबाईंनी अंगणातल्यांना हात घातला. एकेक कुंडी निघाली की गोविंदराव शालीतला हात घट्ट करायचे.

तेवढ्यात पडदा हलला. अनसूयाबाई.

"अहो, शेजारच्या सुमनबाई आल्यात. पोखर्णीला दर्शनाला गेल्या होत्या, उशीर झाला. अन् वाण तर संपलं."

"वाटी दे एखादी."

"सगळ्यांला झाड अन् शेजारणीला वाटी? बरं दिसतं का ते?" त्या थबकल्या. "तुमच्या पोटावर काय हाय?"

"गॅस झालाय."

"गॅसला कुंडी असती व्हय?"

गोविंदराव उठून बसले. बटू उघडा पडला. आता बोलणी बसणार म्हणून त्यांनी डोळे मिटले.

पण अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, "राहू द्या. तुमचा जीव हाय त्याच्यात, मला काय माहीत न्हाई? मी सांगते सुमनबाईला संपलं म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमी माझ्या वाणाचं बघितलं, तेच लय झालं."

हे फार वाईट झालं. ती भांडली असती तर गोविंदरावांनी बटू सोडला नसता. त्यांना आपल्या एका वाक्याची इतकी लाज वाटली, की त्यांनी कुंडी उचलून तिच्या हातात दिली. "ने," म्हणाले, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

पडद्यापलीकडं सुमनबाईंचा आवाज आला, "केवढं गोजिरवाणं गं! कधी लावलं?"

"चार वर्षं झाली. यांनी स्वतः सांभाळलंय," अनसूयाबाई अभिमानानं म्हणाल्या.

बांगड्या किणकिणल्या. सुमनबाई कुंडी फिरवून बघत असाव्यात.

"चार वर्षांत येवढंच? अगं माय! पाणी घालत न्हवते का?"

"माझं बी खुरटंच हाय," दुसरी म्हणाली.

"असू दे गं. माणूस मनाचा चांगलाय. एकेकाच्या हाताला गुणच नसतो, त्याला कोण काय करणार?"

गोविंदराव ताडकन उठले. पडद्यापर्यंत गेलेसुद्धा! पण बाहेर भरल्या घरात बाया. शिवाय अंगात बनियन. परत येऊन पडले.

आठवड्यानं अनसूयाबाई सुमनबाईंकडच्या हळदीकुंकवाला जाऊन आल्या. गोविंदराव दारातच उभे होते.

"बटू कसाय?"

"झकास हाय. शेणखत घातलंय त्याला. सुमनबाई म्हणाल्या, भाऊजींना सांगा, फिकीर करू नका, लय हाल झालेत त्याचे, पण पावसाळ्यापर्यंत माणसात आणते." अनसूयाबाईंनी पिशवीतून स्वतःचं वाण काढलं, चहाची गाळणी. मग आणखी एक पुडकं काढून नवऱ्याच्या हातात ठेवलं. "अन् हे खास तुमच्यासाठी धाडलंय."

आत हिरवंगार, वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं झाड होतं.

"म्हणाल्या, झाडांची हौस हाय तर भाऊजींना हे द्या. याला काही त्यांच्या हातून होणार न्हाई."