झिपरोजीचा शुद्ध मध

एका जंगलात, म्हणजे ज्याला अजून जंगल म्हणता येईल अशा एका जंगलात, झिपरोजी नावाचं अस्वल राहत होतं.

बाळांनो, अस्वलं पोळी ओरबाडून मध खातात हे तुम्हाला ठाऊक आहे. झिपरोजी तसा नव्हता. त्यानं परसात मधपेट्या ठेवल्या होत्या. माश्यांना तो कौतुकानं 'आमची मंडळी' म्हणायचा. त्यामुळे त्याची खरी मंडळी, म्हणजे केसरबाई, अधूनमधून अबोला धरायची.

जांभळी फुलल्या की पेट्या भरत. मग झिपरोजी मध काढी आणि घरोघर वाटीभर पोचवी.

एका वर्षी जांभळी फुलल्या आणि भलत्याच वेळी पाऊस आला. आला तो मुक्कामालाच आला. सगळा फुलोरा झडून चिखलात गेला. माश्या पेटीच्या दाराशी येत, बाहेर बघत आणि परत आत जात. झिपरोजीचा जीव तुटला. पेटीत होता तेवढा मध त्यानं माश्यांनाच ठेवला. तोही संपला, तेव्हा साखरेचा पाक करून पाजला. माश्या कशाबशा जगल्या.

पाऊस थांबला आणि सारं जंगल वाट्या घेऊन दारात हजर.

"यंदा मध नाही," झिपरोजी म्हणाला. "पावसानं फुलं नेली."

"कुठला पाऊस?" कोल्ह्यानं विचारलं. त्याच्या शेपटीतून अजून पाणी ठिबकत होतं. "दरबारच्या हवामान-पोपटानं तर आकाश निरभ्र सांगितलं होतं!"

तक्रार सिंहमहाराजांकडे गेली. गुहा गळत असल्यामुळे महाराज छत्री धरून बसले होते.

"पोपट आमचा आहे," महाराज म्हणाले. "तो चुकत नाही. सबब पाऊस पडला नाही. सबब मध आहे. उद्या आणला नाहीस तर पेट्या जप्त!"

झिपरोजी रडवेला होऊन घरी आला. "अगं, पेट्या दरबारच्या माकडांच्या हाती गेल्या तर एक माशी जगायची नाही."

"पाक उरलाय ना?" केसरबाईनं विचारलं. "आटवते."

"छे! ते खोटं होईल."

"खरं सांगून आलात ना? मग? कुणी घेतलं का ते?"

झिपरोजीनं उरलेला पाक काढून दिला. पातेलं चुलीवर चढलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी बोट चाटलं आणि मिशा पुसल्या. कोल्हा डोळे मिटून म्हणाला, "याला म्हणतात शुद्ध!" पोपटाला बढती मिळाली. झिपरोजीला मात्र वर्षभर धड झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी हवा अशी झकास की विचारू नका. पेट्या ओसंडल्या. जांभळीचा मध तो, काळसर, गोडाच्या मागून किंचित तुरट. झिपरोजीनं अख्खा हंडा डोक्यावर घेतला आणि नाचत दरबारात गेला.

महाराजांनी चाखला. तोंड वाकडं झालं.

"भेसळ!" कोल्हा ओरडला. "गेल्या वर्षीचा कसा सोनेरी होता, गोडमिट्ट!"

"महाराज, हाच खरा आहे!" झिपरोजीला राहवेना. "गेल्या वर्षी मी पाक दिला होता. माझं चुकलं!"

दरबार खो खो हसला. महाराजांनाही हसू आवरेना. "पहिला गुन्हा म्हणून माफ," ते म्हणाले. "हे काळं घेऊन जा, आणि संध्याकाळपर्यंत शुद्ध आण."

झिपरोजी हंडा घेऊन घरी आला. केसरबाईनं पाकासाठी चूल पेटवली. तो ओट्यावर बसला. त्यानं पंजा मधात बुडवला आणि चाटला. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा चाटला. पाणी जरा कमी झालं. तिसऱ्यांदा चाटून त्यानं आत हाक मारली.

"अगं, भाकरी आहे का गं?"

तात्पर्य: बाळांनो, नेहमी खरं बोलावं. त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि मध घरातच राहतो.