टेस्ट नावाचा फोल्डर

दयानंदच्या पिरंगुटातल्या स्टुडिओत चार कॉम्प्युटर होते आणि त्यांत मिळून मुळशीतली वीस वर्षांची लग्नं कोंबलेली होती. कुणाची हळद एका मशीनमध्ये, तर वरात दुसऱ्यात. त्याच्याकडे भाड्याने राहणाऱ्या, आयटीतल्या सायलीने चारी मशीन एकत्र जोडायचं मनावर घेतलं. त्यातलं पहिलं मेटाडेटा सर्व्हर होणार होतं. कुठलं लग्न कुठल्या डिस्कवर आहे, एवढंच त्याने लक्षात ठेवायचं.

"म्हंजी सोयरिकी जमवणारा गेणबा," दयानंद म्हणाला. "सोता लगीन करायचं न्हाई, पर कोण कुटं दिलीया ते तोंडपाठ."

"तसंच, काका. पण आधी ते पूर्ण कोरं करावं लागेल. महत्त्वाचं काही राहिलंय?"

"गिऱ्हाइकांचं समदं हलवलंय. पूस खुशाल."

सायलीने डिस्क पुसली, नवी सिस्टीम टाकली, मशीनला नाव दिलं. सगळं पहिल्या झटक्यात जमलं, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती.

संध्याकाळी दयानंदची बायको कल्पना आली. "पुढच्या रविवारी आबांचं वर्षश्राद्ध हाय. आपल्या लग्नाची फिल्म लावा. माझ्या बापाचं चालतंबोलतं दुसरं काय हाय?"

दयानंदचं तोंड उतरलं. स्टुडिओत प्रत्येक फोल्डरला गिऱ्हाइकाचं नाव असे. स्वतःच्या लग्नाला गिऱ्हाईक कुठून आणणार? तो फोल्डर त्याने 'टेस्ट' नावाने ठेवला होता, आणि तोच हलवायचा राहिला होता. मूळ कॅसेट तर बुरशी लागली म्हणून त्यानेच फेकली होती.

कल्पना ओरडली नाही. दोन दिवस तिने नवऱ्याला नुसता भात वाढला.

सायलीला जेवण जाईना. "काकू, आबा दुसऱ्या कुणाच्या लग्नात असतील ना?"

आबांनी पंचक्रोशीतलं एकही लग्न चुकवलं नव्हतं. त्यात इथली रीत अशी, की नवरानवरी ताटकळली तरी चालतील, पण माइकवर नाव पुकारून प्रत्येक पाहुण्याला फेटा बांधलाच पाहिजे. दयानंदने ते सगळे फेटे इमानाने टिपले होते. मेटाडेटा सर्व्हरला लग्न सापडायचं, त्यातले आबा नाहीत. ते काम कल्पनाने तीन दिवस पडद्यासमोर बसून केलं.

रविवारी पडद्यावर आबा फेटे बांधून घेत होते, जिलेबी मागत होते. सोयरे डोळे पुसत हसत होते.

"घावले की आबा," दयानंद हळूच म्हणाला.

"व्हय. आपल्या फिल्ममधी शेवटपत्तूर रडत व्हते. पोरगी सासरला चालली म्हनून रडत्यात, आसं मी इतकी वर्सं समजत व्हते." कल्पनाने पडद्याकडे बोट केलं. "ही बघा माझ्या धाकट्या बहिनीची, सोनियाची हळद. नाचत्यात."

 दयानंदने उठून बँडचा आवाज थोडा वाढवला.