करसवलतीतले सुभेदार

आमचे जगदाळे सुभेदार रोज संध्याकाळी सौरपॅनेलांना 'विश्राम' देतात. खोटं नाही सांगत! सांगानेरला आमच्या कंपनीच्या छतावर पॅनेलांच्या रांगा आहेत. घरी निघण्याआधी सुभेदार त्यांच्यासमोर छाती काढून उभे राहतात आणि खणखणीत आवाजात ओरडतात, "विश्राऽऽम!" का, तर बिचारी पॅनेलं रात्रभर सावधानात उभी राहायला नकोत. एकदा विसरले, तर सोडाल्याच्या आपल्या घरून ऑटो करून परत आले.

मी तिथे हिशेब बघते. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली आणि मी या धुळीत येऊन पडले. मराठी ऐकायला कान आसुसले होते, तर देवाने सुभेदार धाडले. साताऱ्याचा माणूस, फौजेतली शेवटची वर्षं इथे काढली आणि इथेच राहिला. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलासमोर कडक सलाम ठोकला. "ताईसाहेब, हितली धूळ म्हंजी शत्रू आन् कबुतरं म्हंजी घुसखोर. एकालाबी छतावर पाय ठिवू देनार न्हाई. कोई शक?" हे 'कोई शक?' प्रत्येक बोलण्याला चिकटलेलंच असतं. शंका घ्यायची छाती कुणाची? पॅनेल धुणारी माणसं आता पावलं जुळवून बादल्या नेतात. काल तर चहावाला भैयासुद्धा लेफ्ट-राइट करत आत आला, आणि निम्मा चहा बशीत.

आता आमच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, त्यांना ठेवलं ते काही देशप्रेम उतू चाललं म्हणून नव्हे. कामगारांच्या संख्येत भर घालून नवा माणूस ठेवला, तर त्याच्या पगारापोटी मालकाला करात सूट मिळते. शेठजी म्हणाले, "रखना ही है तो फौजी रखो, छुट्टी तो नहीं मारेगा." हे सुभेदारांच्या कानावर गेलं आणि त्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं: सरकार फौजींवर सूट देतं! मग काय विचारता! भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगत सुटले, "मी सवलतीतला मानूस हाय." शेठजींना जिन्यात गाठून विचारायचे, "श्रीमान, मेरा छूट बराबर मिल रहा है ना?"

गेल्या सोमवारी मी ऑफिसला पोचले, तर फाटकाबाहेर एक आख्खी रांग. पांढऱ्या मिशा, छातीवर पदकं, बुटांना चकचकीत पॉलिश.

"ताईसाहेब, ही घ्या सूट!" सुभेदार गरजले. "जेवढं फौजी, तेवढी सूट. शेठजींचा टॅक्सच मिटवून टाकू!"

तेवढ्यात शेठजींची गाडी आली. त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि सगळ्यांचे सलाम एकदम पडले. शेठजी घाबरून परत गाडीत. काच खाली करून मला विचारतात, "मॅडम, हमला है क्या?" हसून हसून माझ्या पोटात कळ आली.

जागा नाही, सबको चाय पिलाओ, एवढाच निकाल लागला. मंडळी चहा-कचोरी खाऊन आनंदात पांगली. त्यांच्यातले बनवारीजी म्हणून एक तेवढे फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिले.

दुपारी सुभेदार माझ्याकडे आले. सलाम नाही, काही नाही.

"ताईसाहेब, माझ्या जागी बनवारीला घ्या. माझी सूट त्याच्या नावावर चढवा."

"अहो, ती काय पेटी आहे का, याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर द्यायला?"

"बायकू गेल्यापास्नं त्यो घराभायेर पडत न्हाई. आज इस्त्रीचा शर्ट घालून आला. मला दोनदा इचारलं, उद्या किती वाजता यायचं? कसं सांगू त्याला, नगं येऊ म्हून?"

"आणि तुम्ही काय कराल?"

"माझं काय!" म्हणाले आणि खिडकीतून त्या बाकाकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "खोटं कशापायी बोलू? घरात मीबी एकलाच. पन मी हितं येऊन जरा बरा झालोय. आता त्याचा नंबर."

मी हातातली वही मिटली. तशीच उठले आणि शेठजींच्या केबिनमध्ये घुसले. छतावर माणूस कमी पडतो म्हणून रोज कोण रडतं, विचारलं. एकाच्या जागी दुसरा ठेवला तर भर पडत नाही, मग सूट कसली? दोघं ठेवा, तर मिळेल. शेठजींनी कपाळ चोळलं. "ठीक है, दोनों रखो. लेकिन सलाम नहीं!"

मी बाहेर आले. सुभेदार अजून टेबलासमोर उभेच.

"बनवारीजींना उद्यापासून बोलवा," मी म्हटलं. "पण तुम्ही गेलात तर त्यांची सूट बुडते. कायदाच आहे तसा."

"म्हंजी मला ऱ्हावंच लागंल?"

"राहावंच लागेल."

माझ्यासमोर कधी न बसणारा तो माणूस खुर्ची ओढून मटकन बसला.

"बरं झालं, ताई," ते म्हणाले. "मला लई भ्या वाटत हुतं."