नाना लॅपटॉप बघायला जातात

आमचे नाना कुठलीही मशीन एक शिफ्ट चालवून बघितल्याशिवाय घेत नाहीत. शिफ्ट म्हणजे भिवंडीची, सकाळी सात ते संध्याकाळी सात. मिक्सर घ्यायचा असला तर ते दुकानदाराला सांगतात, "चालू कर आन तुझ्या कामाला लाग. मी हाय इथं." मग घरून आणलेला डबा मांडीवर ठेवून ते मिक्सरसमोर बसतात. बहुतेक दुकानदार दुपारपर्यंत हात जोडतात. न जोडणारा सापडला की त्याच्याकडून खरेदी होते.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. नारपोलीला त्यांची कापड विणायच्या लूमची शेड होती. धंदा बसला तसे लूम भंगारात गेले आणि शेड पार्सलच्या एका गोदामवाल्याने भाड्याने घेतली. पण शिफ्टचा हिशोब नानांच्या अंगात राहिला. माझ्या चुलत बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा नानांनी नवऱ्यामुलाला सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत बसवून ठेवलं. "सकाळी सगळेच ग्वाड बोलतात," ते म्हणाले. "मानूस संध्याकाळी कळतो." दिवसभर त्याला एकच गोष्ट चार जणांनी विचारली, जेवणात मीठ कमी पडलं, पंखा बंद पडला. संध्याकाळी नानांनी ओट्यावर येऊन निकाल दिला, "गरम होत न्हाय. करून टाका." बहिणीचा संसार छान चालला आहे, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध आमच्या घरी कोणाला बोलता येत नाही.

"नानांना विचारल्याशिवाय मशीन घ्यायची नाही" हा घरचा जुना नियम. अलीकडे तो कोणी पाळत नव्हतं. फ्रिज, टीव्ही, आईची शिलाई मशीन, सगळं मोबाईलवर मागवलं आणि दारात आलं. पण मला लॅपटॉप हवा झाला तेव्हा बाबांना नियम अचानक आठवला. लॅपटॉपमधलं त्यांना काही कळत नाही आणि तसं सांगायची त्यांना सवय नाही.

मला तो लवकर हवा होता. मुंबईच्या एका स्टुडिओने साड्यांच्या काठांची डिझाइनं करायचं काम देऊ केलं होतं, घरून. सोमवारपर्यंत माझ्याकडे ताकदीचा लॅपटॉप नसेल तर ते दुसऱ्या मुलीला विचारणार होते. हे मी नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "घाईत घेतलेली मशीन आन घाईत घेतलेली म्हैस, दोन्ही लाथा मारतात."

पहिल्या दुकानात विक्रेत्याने एक पातळ, चंदेरी लॅपटॉप पुढे ठेवला. नानांनी त्यावर तळहात ठेवला, मग कान लावला.

"बंद हाय."

"चालू है अंकल. साइलेंट है. एकदम आवाज नहीं करता."

"आवाज न्हाय करत, मग काम कवा करतं?" नाना मला म्हणाले. लूम गप्प झाला म्हणजे धागा तुटला किंवा लाइट गेली, तिसरं कारण नानांना माहीत नाही. त्या दुकानातले सगळे पातळ, शांत आणि महागडे लॅपटॉप त्यांनी बंद मशीन म्हणून बाद केले.

दुसऱ्या दुकानात त्यांनी विचारलं, "आधी कोनाकडं होता?"

"नवा आहे, काका. सीलबंद."

"म्हणजे कोनी चालवलेलाच न्हाय?"

"नाही."

"मंग त्याची खात्री कोन देनार?"

भिवंडीत बरेच लूम दुसऱ्याच्या शेडमधून आलेले. मशीन कोणत्या घरातली, कोणत्या कारागिराच्या हाताखाली वाढली, हे विचारूनच सौदा व्हायचा. नव्या वस्तूला साक्षीदारच नाही, हे नानांना संशयास्पद वाटतं. विक्रेत्याने वॉरंटीचा कागद दाखवला. नानांनी तो नीट वाचला आणि परत दिला. "ह्यो तर ह्याच्याच बापाने लिहिलाय," ते म्हणाले.

तिसऱ्या दुकानात गाडी नीतिमत्तेवर अडली. विक्रेता मुलगी हुशार होती. डिझाइनचं काम म्हटल्यावर तिने स्वतंत्र ग्राफिक्स कार्डचा, जाडजूड काळा लॅपटॉप काढला आणि म्हणाली, "हा गेमिंगचा आहे."

"खेळायचा नको," नाना म्हणाले. "कामाचा दाखव."

"काका, दोन्हीला एकच लागतो."

नाना स्टुलावर बसले. "म्हणजे बैल एकच. सकाळी नांगराला, दुपारी शर्यतीला."

"हो, तसंच."

"तसं नसतं, बाय. शर्यतीचा बैल नांगराला जुपला की तो आधी नांगर मोडतो, मंग मालकाला."

ती मुलगी माझ्याकडे बघू लागली. मी कीबोर्डकडे बघत होते. मी रोज गेम खेळते, भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, हेडफोन लावून, दार लोटून. घरात सगळ्यांना मी ऑनलाइन कोर्स करते असं वाटतं. त्या वेळी बैलाची बाजू घ्यायला हवी होती, पण मला चारचौघांत बोलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात नाना रस्त्यावर पोचलेले असतात.

असं करत शनिवार उजाडला. उरलं होतं इम्रानभाईंचं दुकान. इम्रानभाईंच्या वडिलांची शेड नानांच्या शेडला लागून होती, एका भिंतीची. इम्रानभाईंनी नानांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "चाचा, अब्बा ने बोला है, आप शिफ्ट चलाए बिना नहीं लेंगे. चलाओ." त्यांनी तोच जाडजूड काळा प्रकार टेबलावर ठेवला. तो त्यांचा स्वतःचा होता, वर्षभर वापरलेला. तसलाच नवा पेटीत होता. नानांना साक्षीदार मिळाला. दुकान सातला उघडत नाही, म्हणून नानांनी अर्ध्या शिफ्टवर तडजोड केली.

मी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं आणि काठ काढायला घेतला. कोयरी, वेल, पुन्हा कोयरी. नाना डबा मांडीवर घेऊन बघत राहिले. दुपारी इम्रानभाई म्हणाले, "ये तो इसके लिए मामूली है. लोड देना है तो गेम चलाना पड़ेगा. बेटा, खेलना आता है?"

मी नानांकडे बघितलं.

"चालव," नाना म्हणाले. "मशीन तापवायचीच हाय ना."

मी खेळले. सुरुवातीला मुद्दाम वाईट खेळले. पण ते फार वेळ जमत नाही. थोड्या वेळाने मागे शेजारच्या दुकानातली दोन पोरं येऊन उभी राहिली आणि एक दुसऱ्याला म्हणाला, "भाई, ये लड़की तो खतरनाक है." लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. नाना पुढे सरकले. त्यांनी मागच्या जाळीपाशी हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ती बाई कोनाला मारते?" त्यांनी पडद्याकडे बोट करून विचारलं.

"मीच आहे ती, नाना."

"बरं." ते माझ्या बोटांकडे बघत होते. "हात बसलाय तुझा. एका दिवसात बसत न्हाय असा."

माझे कान तापले होते. नाना डब्याचं झाकण लावत म्हणाले, "शिफ्टमध्ये काय झालं ते घरी सांगायची पद्धत न्हाय आपल्यात."

संध्याकाळ झाली. मशीन तापली होती, पण थांबली नव्हती. काठाचं डिझाइन जसंच्या तसं होतं. इम्रानभाईंनी पेटी समोर ठेवली. आता निकाल यायला हवा होता. नानांनी जाळीला परत हात लावला, वायर सरळ केली, आणि म्हणाले, "कल्याणला एक दुकान हाय म्हनतात. उद्या जाऊन येऊ."

मला सोमवार दिसत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी नानांना अडवलं. "नाना, यात खोट काय आहे?"

"खोट न्हाय."

"मग?"

इम्रानभाई गिऱ्हाईक बघायला म्हणून पलीकडे गेले. नाना हलक्या आवाजात म्हणाले, "घेतला की संपलं मंग माझं काम." ते टेबलाकडे बघत बोलले. "परवा शेडचं भाडं आनायला गेलो. दारात खोकी लागली व्हती. एकावर तुझ्या आईचं नाव. शिलाई मशीन. माझ्याच शेडमधून माझ्याच भावाच्या घरी चालली व्हती, आन मला ठाऊक न्हाय." ते थोडे हसले. "चांगली हाय ना ती? आवाज बरा येतो?"

"येतो," मी म्हटलं. मला खरं तर तिचा आवाज कसा आहे हे आठवत नव्हतं.

"मंग ठीक हाय."

ते उठले आणि पेटीवर दोनदा थाप मारली. तो निकाल होता. इम्रानभाईंनी बिल करायला घेतलं. नाना पेटी स्वतः उचलून दाराशी जाऊन उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून. रिक्षा जात होत्या, पण ते एकीलाही हात करत नव्हते.

घरी मला चांगली खुर्ची आहे. मी कॉलेजला असताना बाबांनी घेतलेली, चाकांची, अजून नवी दिसते.

"नाना," मी म्हटलं, "याच्यासमोर दिवसभर बसायचं तर खुर्ची बघावी लागेल."

त्यांनी मान वळवली. "घरात हाय की एक."

"ती पाठीला बरोबर नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. ती खुर्ची त्यांनी पाहिली आहे. तिच्यावर बसून ते पेपर वाचतात. मग त्यांनी पेटी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

"खुर्चीत लई फसवतात," ते म्हणाले. "वरून गादी चांगली असते, आन आत पत्रा. कवा जायचं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

नानांनी विचार केला. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद असतात.

"शुक्रवारी जाऊ," ते म्हणाले. "शुक्रवारी मला सुट्टी असते."

मी म्हटलं, चालेल. मग त्यांनी रिक्षाला हात केला.