अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

माणूस गेल्यावर घर कसं आवरावं, हे माझ्याकडून शिकावं. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, गेले त्याला महिना व्हायच्या आत मी त्यांचं धुळ्याचं घर इतकं लख्ख केलं, की शेजारच्या सुनंदाबाई दारात चपला काढता काढता थबकल्या. आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरतोय की काय, असं त्यांना वाटलं. पेन्शन बंद, गॅस बंद, मोबाईल नंबर रीतसर अर्ज देऊन बंद. बाहेरच्या खोलीची भिंतसुद्धा रंगवून घेतली. नानांना त्या भिंतीवर पेन्सिलीने लिहायची सवय होती. दूधवाला, वीजमीटर, गॅस, कुणाकुणाचे फोन. चाळीस वर्षांत त्या भिंतीचं वेळापत्रक झालं होतं. रंगारी धनसिंगभाऊ ब्रश बुडवून थांबला होता.

"अक्का, आठे बठ्ठा नंबरच नंबर शेतस. एकडाव लिखी ल्या."

"रंगवून टाका," मी म्हटलं. "ज्याचे नंबर होते तोच माणूस गेला. एक आकडा दिसायला नको."

हे वाक्य मला तेव्हा फार समंजस वाटलं होतं.

राहिला नानांचा लॅपटॉप. त्या अख्ख्या घरातून मला हवी असलेली एकच गोष्ट त्यात होती, नानांचा आवाज.

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर बावीस वर्षं त्यांनी माईकवरून गाड्या पुकारल्या. घरीही ते तसेच बोलत. "स्वयंपाकघरातून सुटणारी खिचडी वीस मिनिटं उशिराने धावत आहे. पुन्हा एकदा ऐका." आई असेपर्यंत ती आतून ओरडायची, "प्रवाशांनी ताटं घेऊन बसावं." फोनवर मात्र हाच माणूस "हं" म्हणून कट करायचा. बटणांचा मोबाईल, त्यामुळे आवाजाचे निरोपबिरोप काही नाहीत. निवृत्त झाल्यावर एकदा स्टँडवर रेकॉर्ड केलेली घोषणा ऐकून आले आणि म्हणाले, "आवाज गोड आहे. पण बाई कधी गाडीत बसलेली नाही." मग एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी लॅपटॉप आणि माईक घेतला आणि आपल्या सगळ्या गाड्या आठवून आठवून रेकॉर्ड केल्या. सोनगीर, नरडाणामार्गे शिरपूर. पारोळा, एरंडोलमार्गे जळगाव. मी जळगावला असते. "तू आलीस की ऐकवतो," असं ते दोन वर्षं म्हणत होते. मी पुढच्या महिन्यात येणार होते.

पासवर्ड सोपा होता. नानांनी तो पट्टीवर लिहून झाकणालाच चिकटवला होता. ज्या माणसाच्या घराची कडी फक्त मांजरासाठी लावली जायची, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. लॅपटॉप उघडला. समोरच 'गाड्या' नावाचा फोल्डर, त्यात एकशे चौदा फायली. मी त्यातली जळगावची शोधली. तेवढ्यात कोपऱ्यात एक चौकट आली. अपडेट बाकी आहे, आता करायचं का?

मला बाकी राहिलेलं काही सहन होत नाही. म्हटलं, आधी काम उरकू, मग निवांत ऐकू. मी 'हो' दाबलं.

यंत्र बंद झालं, चालू झालं आणि निळं पडलं. तुमच्या माहितीच्या सुरक्षेसाठी हा संगणक कुलूपबंद आहे, अठ्ठेचाळीस अंकी किल्ली टाका, असा त्यावर मजकूर होता. अठ्ठेचाळीस! बँकेच्या लॉकरलासुद्धा इतकी प्रतिष्ठा नसते. आत होतं काय, तर सकाळी सव्वासातची यावल.

लॅपटॉप पिशवीत घालून मी स्टँडजवळच्या अल्तमशच्या दुकानात गेले. नानांनी तो त्याच्याकडूनच घेतला होता.

"ताई, हे आपोआप असतं," पडदा बघताच तो म्हणाला.

"कोणी सांगितलं होतं लावायला?"

"कोणी नाही. मशीन आतून स्वतःच सगळं कुलपात घालतं. सेफ्टीसाठी."

"कोणापासून?"

"चोरापासून."

"आणि यात चोर कोण?"

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सध्या तरी तुम्ही."

आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येईल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, जोडता येईल, पण किल्लीशिवाय आत नुसती भेळ दिसेल. मग त्याने उदार मनाने तोडगा सुचवला. "पंधरा मिनिटांत मशीन एकदम नवं करून देतो. फक्त आतलं सगळं जाईल." म्हणजे रुग्ण ठणठणीत होईल, फक्त जिवंत राहणार नाही.

"किल्ली कंपनीकडच्या नानांच्या ऑनलाइन खात्यावर असेल," तो म्हणाला. "खातं उघडायला त्यांच्या मोबाईलवर कोड येईल. मोबाईल आहे?"

"मोबाईल आहे. नंबर बंद केला."

"कधी?"

"सतराव्या दिवशी."

"इतक्या लवकर कोण बंद करतं ताई? लोकांचे वर्षवर्ष चालू असतात."

मला आयुष्यात पहिल्यांदाच ढिसाळ लोकांचा हेवा वाटला.

मग कंपनीच्या मदतकेंद्राशी लेखी संवाद झाला. पलीकडे माणूस नव्हता, पण नम्रता भरपूर होती. खातेधारकाला बोलवा, असं त्यांनी लिहिलं. खातेधारक वारले, असं मी लिहिलं. "हे ऐकून वाईट वाटलं. ते पुन्हा कधी उपलब्ध होतील?" दोन मिनिटांनी विचारणा आली, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल? एवढं वाचलंय मी आयुष्यात, पण इतक्या कमी शब्दांत इतका मूर्खपणा कुठे सापडला नव्हता.

अल्तमश कान खाजवत बसला होता. एकदम म्हणाला, "थांबा. विकताना मीच तो नंबर काढून नानांना दिला होता. पावतीच्या मागे लिहून. जपून ठेवा म्हटलं, तर म्हणाले, कागद हरवतो. घरी गेल्यावर कायमच्या जागी उतरवून घेतो."

"कायमची जागा" म्हणजे बाहेरच्या खोलीची भिंत.

धनसिंगभाऊला फोन लावला. "हो अक्का, व्हता ना," तो म्हणाला. "आगगाडीसारखा लांबच लांब नंबर. म्हनीसन तं तुमले इचारं मी. आते काय? दोन कोट देल शेतस. खरवडीसन चुनाच भेटी."

मी घरी आले आणि त्या लख्ख भिंतीसमोर बसले. सुनंदाबाई चहा घेऊन आल्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "गंधमुक्तीना दिन मी फोटू काढेल व्हतात ना. भिंत तवय रंगाडेल नव्हती."

खरंच. तेराव्याला गंधमुक्ती झाली, सगळे सुतक सोडायला जमले होते. सुनंदाबाई मोबाईल घेऊन फिरत होत्या आणि मी त्यांच्यावर मनातून चिडले होते. अशा वेळी फोटो कसले काढता, म्हणून. आता मी त्यांचा मोबाईल जवळजवळ हिसकावलाच. नानांच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारी, भिंतीवर, नानांच्या सरळ ताठ अक्षरात ओळ होती. सहा सहा आकड्यांचे डबे जोडलेली गाडीच.

सुनंदाबाईंना मोबाईलसकट रिक्षात बसवून मी अल्तमशकडे आले. त्याने फोटो मोठा केला आणि एकेक आकडा वाचत वहीत उतरवू लागला. सहा, बारा, अठरा. बेचाळीसला तो थांबला. फोटो इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"शेवटचे सहा दिसत नाहीत ताई. मध्ये एका बाईचं डोकं आलंय. पदर घेतलाय, मान खाली, चेहरा दिसत नाही." त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. "ओळखता का हिला? भिंतीला टेकूनच बसलीय. तिने पाहिलेही असतील. विचारून बघा ना."

सुनंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"ओळखते," मी म्हटलं. "तिला विचारून उपयोग नाही. भिंत तिनेच रंगवून घेतली."