खवलेअण्णांची डावी बॅटरी

एका जंगलात, मुलांनो, एक खवल्या मांजर राहत होतं. मांजर म्हटल्याबरोबर कान टवकारू नका. ते म्याव करत नाही आणि दूधही पीत नाही. अंगावर कौलांसारखे खवले, तोंड निमुळतं आणि स्वभाव गरीब. सगळं जंगल त्याला खवलेअण्णा म्हणायचं.

अण्णा जंगलाच्या मुंगी खात्यात एकतीस वर्षं हेडक्लार्क होते. मुंगी खातं म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ते निवृत्त झाले तेव्हा खात्यात फारशा मुंग्या उरल्या नव्हत्या.

अण्णांची एकच खोड होती. समोरचा जरा चढ्या आवाजात बोलला, की ते अंगाचं मुटकुळं करायचे आणि आतून "हो, हो, बरोबर आहे तुमचं" म्हणायचे. त्यामुळे त्यांचं आयुष्यात कुणाशी भांडण झालं नाही. बाजारात मागितलेली भाजीही त्यांना कधी मिळाली नाही.

अण्णांकडे एक गाडी होती. बावीस वर्षांची. तिचा रंग निळा आहे, असं तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. अण्णांची एकुलती एक लेक कुमुद याच गाडीत बसून घाटापलीकडे सासरी गेली होती. जाताना ती खूप रडली होती आणि अण्णा तिच्याहून जास्त रडले होते.

आता कुमुदला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही त्या जंगलाची रीत. लेक आणायची ती सातव्यात, आठव्यात तिला हलवायची नाही, हीसुद्धा रीत. सातवा संपायला बारा दिवस होते. घाटात दुसरं वाहन म्हणजे उदमांजराची रिक्षा. चढ आला की ते उतारूंना खाली उतरवून रिक्षा ढकलायला लावायचं. पोटुशी लेक त्यात कशी बसवणार?

म्हणून अण्णांनी त्या सकाळी मागच्या सीटवर गोधडी अंथरली, उशी ठेवली आणि चावी फिरवली.

गाडी म्हणाली, "टक्."

अण्णांनी पुन्हा चावी फिरवली. गाडीने मत बदललं नाही.

"बॅटरी बसली," खवलेकाकू दारातून म्हणाल्या. काकू म्हणजे अण्णांची बायको. त्या येऊन बॉनेटमध्ये वाकल्या. "पाच वर्षं झाली हिला. बदलायलाच हवी. हे बघा, वर लेबल आहे. त्यावरचा नंबर लिहून घ्या. प्लसचं टोक कुठल्या हाताला आहे तेही बघून ठेवा. दुकानात जायचं, अगदी अशीच द्या म्हणायचं. आणि वरची तारीख बघून ताजी घ्यायची, महिनोन्‌महिने पडून राहिलेली नको. अर्ध्या तासाचं काम आहे. दुपारी निघू."

अण्णांना हे काही रुचलं नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर एवढंसं कसं असेल? आणि तेही बॅटरीवरच लिहिलेलं? शिवाय सांगणारी कोण, तर घरचीच बायको. पिकतं तिथं विकत नाही, मुलांनो.

"अगं, असं घाईने नसतं करायचं," अण्णा म्हणाले. "चार जणांना विचारायला हवं."

"कुठले चार जण?"

"जाणकार."

काकूंनी बॉनेट आपटलं. अण्णा लेबल न वाचताच घराबाहेर पडले.

पहिला जाणकार वाटेतच उभा होता. तो होता गवा. गव्याला कुठल्याच गाडीत बसता येत नसे, मावतच नसे. म्हणून त्याने गाड्यांचा खोल अभ्यास केला होता.

"बॅटरी ना?" गवा गरजला. "मोठी घ्या! लहान बॅटरी म्हणजे लहान ताकद. साधी गोष्ट आहे. माझ्याकडे बघा!"

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचं मुटकुळं झालं. "हो, हो," ते आतून म्हणाले. "मोठीच घेतो."

"पण हुप्पेसरांना विचारल्याशिवाय घेऊ नका हं," गवा म्हणाला. जाणकार असेच असतात. ते तुम्हाला एकटं सोडत नाहीत.

हुप्पेसर म्हणजे वानर. ते सर्वांत उंच झाडाच्या सर्वांत वरच्या फांदीवर राहायचे, कारण तिथे मोबाइलला रेंज यायची. बॅटरी म्हटल्यावर सरांचे डोळे चमकले. त्यांनी तीन दिवस खपून चोवीस बॅटऱ्यांचा तक्ता केला. कुठलीची वॉरंटी किती, कुठलीला किती तारे, कुठलीबद्दल कोण काय म्हणालं, सगळं त्यात होतं.

"सर," अण्णांनी झाडाखालून हळूच विचारलं, "यातली माझ्या गाडीला बसणारी कुठली?"

"तो रकाना अजून भरायचाय," सर म्हणाले. "आधी मूळ प्रश्नाचा निकाल लावू. पाण्याची घ्यायची की बिनपाण्याची?"

झालं! मुलांनो, काही बॅटऱ्यांत अधूनमधून पाणी घालावं लागतं आणि काहींत लागत नाही. गोष्ट एवढीच. पण संध्याकाळपर्यंत जंगलात दोन तट पडले. बेडकांनी पाण्याच्या बॅटरीला एकमुखाने पाठिंबा दिला. घोरपडी बिनपाण्याच्या बाजूने उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, ते सर्वांत तावातावाने बोलत होते, आणि गाडी तर अण्णांखेरीज कुणाकडेच नव्हती. करंजाच्या झाडाखाली सभा भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच गवा. सभा चार दिवस चालली आणि शेवटी ठराव झाला, की बॅटरी घ्यावी.

मधेच एकदा कुमुदचा फोन आला.

"बाबा, बॅग भरून ठेवलीय मी. कधी येताय?"

"येतो, बाळ. बॅटरीचा अभ्यास चाललाय."

"आईला सांगितलंय का काजूच्या उसळीचं?"

"सांगतो हं. जरा सभेत आहे."

लेकीची आठवण त्यांना खरोखरच येत होती, त्यात खोट नव्हती. उलट, लेकीसाठी आणायची बॅटरी म्हणून तर ते इतकं बारकाईने बघत होते.

ठराव झाला तो शनिवार होता. अण्णा निघणार, तोच डबक्यात एका पायावर उभे असलेले बगळेगुरुजी म्हणाले, "शनिवारी लोखंड घरात आणता?"

"बॅटरीत शिसं असतं, लोखंड नसतं," काकू म्हणाल्या.

"शिसं लोखंडाचं चुलत भावंडच," गुरुजी म्हणाले.

रविवारी दुकान बंद. सोमवारी अमावास्या. मंगळवार उजाडला तो सातव्या महिन्याचा शेवटचा दिवस. काकू पहाटेच उठल्या, दशम्या बांधल्या, पाणी भरून घेतलं आणि ओट्यावर येऊन बसल्या.

"दहापर्यंत या," त्या म्हणाल्या. "म्हणजे अंधाराच्या आत तिला घेऊन घाट उतरू."

बॅटरीचं दुकान तरसेशेठचं होतं. तरसाला तुम्ही ओळखताच. त्याला कशाचंही हसू येतं. अण्णांबरोबर बगळेगुरुजीही आले होते, कारण नव्या वस्तूला कुणाचा तरी शुभ हात लागावा लागतो.

"कुठली गाडी?" शेठने विचारलं.

"निळी."

शेठ खूप हसला. "बरं. केवढी बॅटरी?"

"मोठी," अण्णा म्हणाले.

"प्लस कुठल्या हाताला? उजवीकडे की डावीकडे?"

अण्णांचा हात खिशात गेला. हा प्रश्न चार दिवसांच्या सभेत आलाच नव्हता. सरांच्या तक्त्यातही नव्हता. फोन खिशात होता. काकूंना विचारलं असतं तर त्या बॉनेट उघडून पाचव्या मिनिटाला सांगत्या. पण मग आपण आजवर बघितलंच नाही, हे कबूल करावं लागलं असतं. अण्णांनी खिशातला हात बाहेर काढला.

"उजव्या-डाव्यात काय फरक असतो हो?" त्यांनी चाचरत विचारलं.

तरसेशेठ उत्तर देणार, इतक्यात गुरुजींनी मान लांब केली.

"फरक? अहो अण्णा, देवघरात उजव्या सोंडेचा गणपती कुणी ठेवतं का? उजवा कडक. त्याचं सोवळंओवळं सांभाळावं लागतं, जरा चुकलं की भोवतं. आणि तुमच्या घरात तर आता लेक येणार, बाळंतपणाचं सुवेर येणार. झेपेल का तुम्हाला उजवी? डावी घ्या, डावी. सौम्य असते. संसारी माणसाला डावीच."

गुरुजी इतक्या ठासून बोलले, की अण्णांचं दुकानातच मुटकुळं झालं.

"डावी द्या," आतून आवाज आला.

शेठ हसता हसता आत गेला. कोपऱ्यातली एक भलीमोठी डावी बॅटरी त्याने ओढत आणली आणि फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली. तारखेवरची धूळ तेवढी त्याने राहू दिली.

घरी बॅटरी आली तेव्हा अंगणात सगळं जंगल जमलेलं होतं. हळदकुंकू झालं, हार झाला, नारळ फुटला. गवा दोन शब्द बोलला. मग बॅटरी गाडीत ठेवायला घेतली आणि ती जागेत बसेना. मोठी होती ना. तीन जणांनी ठोकून, दोन जणांनी ढकलून ती तिरपी बसवली आणि सुतळीने बांधली. अण्णांनी प्लसची तार ओढली. ती एक वीत कमी पडली. गाडीला प्लस उजव्या हाताला लागत होता.

काकू बॉनेटपाशी आल्या. त्यांनी तारेकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं आणि मग अण्णांकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मुलांनो, बायको बोलत नाही तेव्हा फार वाईट वाटतं.

"बदलून आणतो," अण्णा म्हणाले आणि बॅटरी पाठीवर घेऊन पुन्हा दुकानात गेले.

"हळदकुंकू लागलेला माल परत घेत नाही," तरसेशेठ म्हणाला आणि हसला.

अण्णा परतले तेव्हा दुपार टळली होती. "धक्का मारून चालू करू," ते म्हणाले. "घाटात बंद पडली तर पुढचं पुढे बघू. धक्का मारायला या रे सगळे!"

तर काय गंमत झाली! गव्याची पाठ धरली. हुप्पेसरांची रेंज गेली. गुरुजींना संध्येची आठवण झाली. बेडूक नि घोरपडी एकमेकांशी न बोलता एकाच वाटेने निघून गेल्या. सल्ला द्यायला अंगण पुरलं नव्हतं. धक्का द्यायला अण्णा एकटेच उरले. काकू आत बसल्या, अण्णांनी खांदा लावला. गाडी फाटकापर्यंत गेली, "टक्"सुद्धा म्हणाली नाही, आणि तिथेच थांबली. मग सूर्य मावळला आणि सातवा महिना संपला.

फोन कुमुदनेच केला.

"बाबा, मिळाली का बॅटरी?"

"मिळाली गं. डावी मिळाली."

"मी सकाळपासून ओट्यावर बॅग घेऊन बसले होते," कुमुद म्हणाली. "असू दे. गाडी राहू दे, बाबा. आता मला नाही येता येणार. तुम्हीच या ना इकडे. नुसते चालत या."

"येतो," अण्णा म्हणाले. "एवढी बॅटरी बदलून घेतो आणि लगेच येतो."

काकूंनी हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी दशम्यांचं गाठोडं उचललं आणि त्या घाटाच्या वाटेला लागल्या. पायीच. तिसऱ्या दिवशी त्या लेकीजवळ पोचल्या.

अण्णा मागे राहिले. पुढे तीन महिने बॅटरी बदलून मिळण्यावर चर्चा झाली. लांब तार जोडावी, असं एक मत होतं. गाडीच उलटी वळवावी, असं गव्याचं मत होतं. बॅटरीसाठी समिती नेमली गेली. समितीचं चहापाणी अण्णांकडे असायचं.

असेच एकदा सगळे बॉनेटभोवती जमलेले असताना फाटक वाजलं. पुढे काकू होत्या, मागे कुमुद होती. घाटातल्या धुळीने दोघी माखल्या होत्या. कुमुदच्या शेपटीवर, खवल्या मांजरांची पिल्लं बसतात तसं, महिन्याभराचं एक पिल्लू घट्ट धरून बसलं होतं. त्याचे खवले अजून मऊ आणि गुलाबी होते.

"बाबा," कुमुद म्हणाली, "घ्या की नातवाला."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी बॉनेटवरचे हात काढले, धोतराला पुसले आणि पुढे केले. पिल्लानेही मान उचलली.

"अहो, मान धरा आधी!" गवा गरजला.

"मान नाही, पाठ! मी वाचलंय!" हुप्पेसर ओरडले.

"हात धुतले का?" बेडूक म्हणाले. "बाहेरून आलंय ते, दृष्ट काढा आधी!" गुरुजी म्हणाले.

अण्णांचे हात मधेच थांबले. कुणाचं आधी ऐकावं, ते त्यांना कळेना. पिल्लाने थोडा वेळ वाट बघितली. मग ते आईच्या शेपटीवरून उतरलं आणि तुरुतुरु आजीकडे गेलं.

तात्पर्य: जुन्या गाडीची बॅटरी घेताना कधीही घाई करू नये. लेबल तर मुळीच वाचू नये, कारण त्यावर फक्त बरोबर उत्तर असतं आणि मग चार जाणकारांना बोलायला काही उरत नाही. नातवंडांची काळजी नको. गाडी नाही आली तर ती आईबरोबर पायी येतात, आणि आजोबांनी उचलून घेतलं नाही तरी वाढतातच.