गेणबाच्या रानातली पाटीभर माती

कुंडलिकाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडतो. बाभळी तोडून नवं केलेलं दोन एकर रान. हरभरा तिथं कधी पेरलेलाच नव्हता. साध्या पेऱ्याला चार पोती आली असती, तरी डोक्यावरून पाणी. माझ्या सल्ल्यानं पेरलं, तर सात! खर्च गुळाचा एक खडा आणि पाटीभर माती. असा सौदा चौतीस सालापर्यंत काटेवाडीत कुणी ऐकला नव्हता. आणि सांगणारा मी, गावचा शाळामास्तर, ज्याच्या दारातली तुळससुद्धा दोनदा वाळली होती.

ज्ञान बारामतीचं. तिथल्या बाजारात शेतकी खात्याच्या एका गृहस्थांनी हरभऱ्याचं झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या. या गाठी पिकाला खत पुरवतात, पण त्या धरायला मातीत एक बारीक जंतू लागतो, आणि नव्या रानात तो नसतो. तेव्हा हरभरा जिथं जोमानं येतो तिथली माती आणा, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. मी सगळं टिपून घेतलं. मातीच्या मालकाला विचारावं की नाही, एवढं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जोमदार हरभरा शेजारच्या गेणबाचा. गेणबा असा, की त्याच्या विहिरीवर पाखरू पाणी प्यालं, तरी त्या पाखरानं पुढच्या वेळी रामराम करावा, अशी त्याची अपेक्षा! म्हणून कुंडलिक न विचारताच उजाडायला गेला आणि पाटी भरून घेऊन आला. त्याच्या बायकोनं, फुलाबाईनं, माझ्या देखत सोळा पायल्या बियाण्याला ती काळी खीर चोळली आणि घोंगड्यावर पसरली. घरात बी तेवढंच होतं.

पाटीला भोक होतं. मातीची रेघ गेणबाच्या रानातून थेट कुंडलिकाच्या अंगणात आली होती. तिच्यामागून गेणबा आला.

"माझ्या रानाची बरकत उचलून आणलीस व्हय रं?" त्यानं आवाज चढवला नाही, त्यामुळं भीती जास्त वाटली.

कुंडलिकानं माझ्याकडं बघितलं. मी गाठी समजावून सांगायला लागलो, आणि भरात येऊन म्हणालो, की तुझ्या मातीतली ताकद आम्ही या बियाण्याला लावलीय. झालं! चोरीचा कबुलीजबाब, तोही मास्तरच्या तोंडून.

कुंडलिक बदल्यात गाडीभर माती द्यायला तयार झाला.

"तुझी माती घिऊन काय बाभळी पेरू?" गेणबा म्हणाला. त्याला त्याचीच माती हवी होती आणि ती सुटी करता येत नव्हती. गूळ असा बसला होता, की दाणा कुठं संपतो आणि माती कुठं सुरू होते ते कळेना. फुलाबाईनं मूठभर बी धुऊन पाहिलं, तर माती राहिली बाजूला, दाणाच टम्म फुगला.

दुपारपर्यंत महिपती पाटील येऊन बसले. त्यांनी तिघांचं ऐकून घेतलं, दोनदा तंबाखू मळली. इकडं ओल्या बियाण्याला ऊब लागत होती.

"आबा, काय ते लवकर सांगा," फुलाबाई म्हणाली. "उद्या ह्येला मोड येत्याल. मंग पेरू का उसळ करू? सोळा पायल्या उसळ खायला गाव बोलवावं लागंल."

पाटलांनी निकाल दिला. माती गेणबाची आहे, ती गेणबाच्या रानात जाऊ दे. दाणा चिकटलाय, तर दाण्यासकट जाऊ दे.

कुंडलिक घोंगडं आवळायला लागला. फुलाबाई मात्र पाटलांकडं वळली.

"जाऊ द्या की. पर गेणबातात्या, तुमचं बी घरात तसंच पडून ऱ्हाईल. मापाला माप, सोळा पायल्या आमाला द्या."

पाटलांनी मान डोलावली. गेणबानं मनात हिशेब केला. माती परत, वर गूळ फुकट. तो कबूल झाला आणि कणगीतलं बी घेऊन आला.

आता गेणबाची एक रीत. भुंगा लागू नये म्हणून तो आपलं बियाणं आपल्याच रानातल्या मातीत घोळून ठेवायचा. पायलीतून दाणा पडे, तसा काळा धुरळा उडे. गेणबानं पाटीभर माती परत नेण्यासाठी पाटीभर माती घरपोच आणून दिली होती! मी तोंड उघडलं.

"मास्तर," फुलाबाई हळूच म्हणाली, "घोटभर च्या घ्या अन् गप बसा."

दिवस मावळायच्या आत दोन्ही रानं पेरून झाली.

फाल्गुनात कुंडलिकाला साडेसहा पोती झाली. गेणबाला दरवर्षीएवढीच झाली, पण बरकत परत आली म्हणून तो खूश. पाटलांच्या न्यायाची तारीफ इंदापूरपर्यंत गेली. आणि गेणबा पारावर बसून सांगू लागला, "मास्तरचं गूळ लावल्यालं बी मी पेरलं, एक दाणा जास्त न्हाय. माझं साधं बी कुंडलिकानं पेरलं, त्येचं बघा." आकडे त्याच्या बाजूनं होते. खरं काय ते सांगावं, तर गेणबा दोन एकर रान चाळून आपली माती परत मागणार.

तेव्हा तोटा कुणाचा झाला, तेही मांडून टाकतो. कुंडलिकाचा नाही, गेणबाचा नाही, पाटलांचा तर नाहीच. पुढच्या पेरणीच्या वेळी लोक माझ्या दारावरून गेणबाकडं बियाण्याचा सल्ला विचारायला गेले. जाता जाता दोघांनी मला विचारलं, मास्तर, पोरांची शाळा बरी चाललीय ना?